झोळीची निवड
संयुक्त संस्थानांतील अ‍ॅपलाचियन पायवाट जॉर्जियांतील स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधील कटाडिन शिखरापर्यंत सुमारें ३५०० किलोमीटर जाते. ती बहुतेक अरण्यांतूनच असल्यामुळें रात्रीं दोन झाडांमध्यें झोळी बांधून निजणारे पांथस्थ तेथें पुष्कळ. आम्हीहि कांहीं आठवडे तसेच निजलों. तान्ह्या मुलाच्या झोळीचीच ही थोरली बहीण!

दुकानांत जी मुठींत मावते तीच मनांत भरते, आणि फसगत तेथेंच होते. आंखूड झोळींत पाठ धनुष्यासारखी वांकते. अकरा फूट लांबीच्या झोळींत तिरपें निजलें असतां अंग जवळजवळ सपाट राहतें. हे चार तोळे वाचवूं नयेत. शिवाय दुकानदार सांगतो त्या वजनांत पावसाचें छत, मच्छरदाणी व झाडाच्या सालीस न काचणारे रुंद पट्टे बहुधा धरलेले नसतात. आणि थंडी येते ती खालून. अंगाखालीं दबलेल्या रजईंत हवा राहत नाहीं, म्हणून ऊबहि राहत नाहीं. झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगास, निराळी रजई टांगावी लागते. हें सर्व तराजूंत घातलें म्हणजे लहानसा तंबू फारसा जड ठरत नाहीं.

तरीहि मुळें व धोंडे माजलेल्या उतारावर, जेथें तंबूस हातभर सपाट जागा मिळत नाहीं, तेथें झोळीसारखें सुख नाहीं. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट पर्वतांत मात्र वृक्षरेषेच्या वर बांधावयास झाडच नसतें. तेथें दिवस मावळण्यापूर्वीं खालीं अरण्यांत उतरणें भाग.