शिझुओकाच्या चिमुकल्या गाड्या

टोकियोहून शिंकानसेन या वेगवान आगगाडीनें पश्चिमेकडे निघालें म्हणजे सुमारें तासाभरानें शिझुओका शहर लागतें. आकाश निरभ्र असेल तर वाटेंत उजव्या हातास फुजी पर्वताचें दर्शन घडतें. हा प्रांत चहासाठीं प्रसिद्ध. परंतु जगांतील मुलांना हें शहर ठाऊक आहे तें निराळ्याच कारणानें.

शोगुनपद पुत्रास दिल्यावर तोकुगावा इएयासु १६०७ पासून १६१६ सालीं मरण येईपर्यंत येथील सुन्पु किल्ल्यांत राहिला. किल्ल्याच्या व सेंगेन देवस्थानाच्या बांधकामासाठीं आलेले सुतार व लाखकाम करणारे कारागीर येथेंच स्थायिक झाले, असें सांगतात. त्यांच्या हस्तकौशल्याचा वारसा आजच्या खेळण्यांच्या धंद्यास लाभला. येथील तामिया कंपनी १९४६ सालीं निघाली ती इमारती लाकडाच्या धंद्यासाठीं. पुढें ती लाकडी प्रतिकृति करूं लागली, १९६० पासून प्लॅस्टिकच्या. आणि १९७६ सालीं तिनें बिनतारी संदेशानें चालणारी विजेची ‘पोर्शे ९३४’ बाजारांत आणिली.

अशा पुष्कळ गाड्यांच्या पोटांत ‘५४०’ या नांवाची मोटर असते. जाडी सुमारें ३६ मिलिमीटर, लांबी ५० मिलिमीटर. म्हणजे सहज मुठींत मावेल एवढी. तिचें पत्र्याचें कवच कडा दुमडून कायमचें बंद केलेलें असतें. आंतील वेटोळीं बदलतां येत नाहींत, कीं ब्रशांची जागा किंचित् सरकवून फेरे वाढवितां येत नाहींत. नवशिक्यांच्या शर्यतींत पुष्कळदां सर्वांना अशीच बंद मोटर सक्तीची असते. हेतु हा कीं, केवळ पैशाच्या बळावर कोणी पुढें जाऊं नये.

मग एकाची गाडी दुसऱ्याच्या गाडीपेक्षां जलद कां धांवते? याचें उत्तर मोटरच्या बाहेर आहे. नव्या मोटरचे ब्रश कम्यूटेटरच्या गोलाईशीं नीट बसलेले नसतात. म्हणून जाणता खेळाडू ती प्रथम कमी दाबाच्या विजेवर, कांहींएक भार न घालतां, थोडा वेळ फिरवितो. मग दोन्ही टोकांस तेलाचा एकेक थेंब. गाडींतील प्लॅस्टिकच्या कड्यांऐवजीं तो बॉल-बेअरिंग बसवितो. दांतेरी चक्रें फार घट्ट बसलीं तर शक्ति वायां जाते, सैल राहिलीं तर दांते झिजतात. म्हणून दोहोंमध्यें कागदाची पातळ पट्टी धरून तो अंतर ठरवितो.

खरा मोह आहे तो चक्रांच्या प्रमाणाचा. ‘टीटी-०२’ या गाडींत मोटरच्या दांड्यावर २२ दांत्यांचें लहान चक्र असून तें ७० दांत्यांच्या मोठ्या चक्रास फिरवितें. बावीसच्या जागीं चोवीस दांत्यांचें चक्र घातलें, तर मोटरच्या तितक्याच फेऱ्यांत चाकें सुमारें नऊ टक्के अधिक फिरतात. परंतु मोटरवरील भारही वाढतो; ती अधिक वीज ओढते आणि तापते. ताप हद्दीबाहेर गेला कीं ब्रश जळूं लागतात व लोहचुंबक क्षीण होतो. गंमत अशी कीं, क्षीण चुंबकाची मोटर मोकळी फिरविली तर पूर्वीपेक्षां जलद फिरते. गाडी ओढण्याची वेळ येतांच मात्र तिचें बळ सरतें. कवच बंद असल्यामुळें दुरुस्तीचा मार्ग नाहीं. ती मोटर टाकूनच द्यावी लागते. म्हणून शहाणा खेळाडू एकेकच दांता वाढवितो, थोडा वेळ गाडी धांववितो, कवचाजवळ बोट नेऊन पाहतो, आणि चटका बसेलसें वाटलें तर एक दांता मागें येतो.

दरवर्षीं मे महिन्यांत शिझुओका येथें अशा छंदवस्तूंचें मोठें प्रदर्शन भरतें. तेथें मांडलेल्या गाड्यांपैकीं पुष्कळ सुट्या भागांच्या पेटींतून मुलांच्या हातीं पडतात. जोडणी मुलानेंच करावयाची. तयार खेळणें मुलास घटकाभर रिझवितें. ही पेटी मात्र त्यास घर्षण, भार व उष्णता यांची ओळख करून देते, आणि जें बदलतां येत नाहीं त्यावर न रुसतां, जें आपल्या हातीं आहे तें नेटकें कसें करावें, हेंही शिकविते.