हात, बोटे आणि क्रियापदे

कथेतल्या पात्राच्या तोंडचे वाक्य त्या मानाने लवकर सापडते. बोलताना त्याने हाताचे काय केले, हे सांगणारे क्रियापद मात्र दिवसचे दिवस हुलकावणी देते. मराठीत अशा शब्दांचा तुटवडा आहे म्हणून नव्हे. अडचण आहे ती विपुलतेची. नाक मुरडणे, तोंडात बोट घालणे, हात झटकणे, हात वर करणे या कधीकाळी डोळ्यांना दिसणाऱ्या हालचाली होत्या. आता ते वाक्प्रचार झाले आहेत. त्यांतला अर्थ कळतो, हात दिसत नाही.

'बोटे मोडणे' पाहा. एखाद्याच्या नावाने बोटे मोडली की तो तळतळाट होतो. दृष्ट काढून स्वतःच्या कानशिलांवर मोडली की ती माया होते. बोटे तीच, आवाजही तोच. नुसते 'तिने बोटे मोडली' असे लिहिले, तर वाचक शापाकडे जाईल की मायेकडे, हे आजूबाजूची वाक्ये ठरवतात.

सध्या लिहीत असलेल्या कथेत एक म्हातारा शेतकरी आहे. जमीन विकून झाली आहे आणि कोणीतरी विचारते, "आता पुढं काय?" तो बोलत नाही, हाताने काहीतरी करतो. काय करतो? 'खांदे उडवले' हा प्रयोग इंग्रजी वाचनाबरोबर आपल्याकडे रुळला. या म्हाताऱ्याच्या खांद्यांना ती सवय नाही. 'हात वर केले' म्हटले तर त्याने जबाबदारी नाकारली असे होते. 'हात झटकले' म्हटले तर तो निगरगट्ट ठरतो. 'हताशपणे' हे क्रियाविशेषण जोडले, तर वाचकाने पाहायच्या आतच मी निकाल दिलेला असतो. शब्दाच्या या निवडीवर त्या माणसाची अब्रू अवलंबून आहे.

नाट्यशास्त्रात मस्तकाच्या 13 हालचाली आणि 36 दृष्टी सांगितल्या आहेत. मान सावकाश हलली तर 'धुत', तीच वेगाने हलली तर 'विधुत'. केवळ गती बदलली की नाव बदलते आणि भावही. पण तिथे नावाला देह देणारा नट असतो. गद्यलेखकापाशी नट नाही. क्रियापद हाच त्याचा नट.

म्हणून मी आता अर्थ बाजूला ठेवून हालचालीचे तुकडे करतो. कोणता हात, कुठून कुठे, किती वेळ? शेवटी वाक्य असे झाले : 'त्याने तळहात उताणा केला, त्याच्याकडे पाहिले आणि तो धोतराला पुसला.' यात एकही वाक्प्रचार नाही, भावनेचे नावही नाही. पुसले ते काय, माती की व्यवहार, हे मला सांगता येणार नाही. ते सांगता येत नाही तोवरच हे वाक्य कथेत ठेवावे, असे वाटते.