बावीस अक्षरे

आमच्या थोरल्या बंधूंस प्रथम अन्नावरची वासना उडाली, मग पाठ दुखू लागली. वहिनींचे ओव्याचे पाणी आणि आमच्या पित्ताच्या गोळ्या यांत दोन महिने गेले. डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा कोठे बेळगावास तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. जठरामागे दडलेले हे इंद्रिय; त्याचे दुखणे बहुधा असेच उशिरा उघडकीस येते. बंधू गणिताचे शिक्षक. त्यांनी डॉक्टरांस विचारले, "पेशी वाढू लागली हे समजले, पण तिला आवरणारे कोणीच नसते काय?" डॉक्टर घाईत होते. तो प्रश्न बंधू आमच्या हवाली करून गेले.

आवरणारे असते, हे आम्हांस पुढे वाचनातून कळले. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत सुमारे २२ अक्षरांचा आरएनए ओळखला. जनुकाकडून प्रथिन घडविण्याची आज्ञा घेऊन निघालेल्या संदेशास हा तुकडा बिलगतो आणि आज्ञा पार पडू देत नाही. याचेच नाव मायक्रोआरएनए. ही त्या कृमीपुरतीच गोष्ट, असे पुष्कळांस वाटले. पण २००० साली लेट-७ नावाचा दुसरा तुकडा माणसातही सापडला. २०२४ साली या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात दहांतील नऊ रुग्णांच्या गाठींत के-रास हे जनुक बिघडलेले असते, आणि पेशीने वाढतच राहावे असा त्याचा हेका असतो. लेट-७ रासच्या संदेशावर अंकुश ठेवतो. या गाठींत नेमका तोच क्षीण झालेला आढळतो. उलट मिर-२१ बळावतो, आणि वाढ रोखणाऱ्या पीटेन प्रथिनाचाच संदेश दाबून टाकतो. कुंपणानेच शेत खावे, तसे हे झाले. हे सारे वाचताना आम्हांस आनंद झाला, हे वहिनींस सांगण्याचे धैर्य मात्र अजून झालेले नाही.

कारण कुंपण पुन्हा घालणे सोपे नाही. मिर-३४ ची कृत्रिम प्रतिकृती कर्करोग्यांस देऊन पाहण्यात आली. परंतु शरीराच्या प्रतिकारशक्तीचाच क्षोभ झाल्याने २०१६ साली तो प्रयोग थांबवावा लागला.

बंधूंच्या चौकटीच्या वहीत काही पाने कोरी उरली होती. लेट-७ ची २२ अक्षरे आम्ही तेथे उतरून काढली, एकेका चौकोनात एकेक. आरएनएच्या लिपीत अक्षरे चारच. त्यांतले 'सी' या ओळीत एकदाही येत नाही. आमच्या ते तिसऱ्या वाचनात ध्यानी आले. बंधूंनी पहिल्याच वाचनात सांगितले असते.