बरणीतील बाळंतीण

मृगाची पहिली सर अमरावतीवर पडून गेली, त्या संध्याकाळी आमच्या ओसरीतील दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची अशी झुंबड उडाली की पाने मांडण्याची पंचाईत झाली. केरसुणीने पंखांचा ढीग लोटीत असता फरशीवरून एक भली मोठी काळी मुंगी एकटीच चाललेली दिसली. आमचा अकरा वर्षांचा पुतण्या चि. बाळू याने ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घेतली. "काका, ही राणी आहे. आपण पाळायची!" एवढा त्याचा निकाल.

राणीपदाचा पुरावा हवा म्हणून आम्ही भिंग काढले. उधई असती तर कंबर जाड आणि मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या असत्या. येथे कंबर बारीक होती व मिशा कोपरात दुमडलेल्या होत्या, तेव्हा मुंगीच. पंख नव्हते, परंतु ते गळाल्याच्या खुणा पाठीवर स्पष्ट होत्या. कामकरी मुंगळ्याची छाती इतकी फुगीर नसते. उडण्याचे स्नायू राणीलाच लागतात. नर म्हणावे तर तो सडपातळ व लहान डोक्याचा असतो.

बाळूची थोरली बहीण अकोल्यास दिलेली. ती बाळंतपणास आमच्याकडे आली होती व माडीवरील काळोख्या खोलीत होती. तिला व बाळाला पाहण्यास रविवारी जावईबुवा आले. ते अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काम करतात, म्हणून बरणी त्यांच्यापुढे ठेवली. कंबरेवरील एकच गाठ व एकंदर ठेवण पाहून त्यांनी 'कॅम्पोनोटस' प्रजाती सांगितली. बाभळीवर माव्याचा गोड रस चाखीत फिरणारा आपला काळा मुंगळा, तोच बहुधा. 'बहुधा' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला, तो आम्हास फार आवडला. पंख गळाले म्हणजे मीलन झालेच असेही नव्हे, असे ते म्हणाले. फलित न झालेल्या अंड्यांतून केवळ नर निघतात. तेव्हा कामकरी मुंग्या निघेपर्यंत वाट पाहणे हाच उपाय. तोवर ही बाई स्वतःस बिळात कोंडून घेते, काही खात नाही, निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू व अंगची चरबी झिजवून पहिली पोरे वाढवते. उजेड वा धक्का लागला तर पुष्कळदा आपलीच अंडी खाते.

"म्हणजे बाळंतीणच की ती!" आमच्या मातोश्री म्हणाल्या. "बाळंतिणीच्या खोलीचं दार कुणी घटकेघटकेला उघडतं का रे?"

आम्हास चिंता निराळीच होती. इंग्लंडात सर जॉन लबक यांनी 1874 मध्ये आणलेली एक राणी 1888 पर्यंत जगली. ही जर तशी टिकली तर बाळू पंचविशीचा होईल. मध्यंतरी परीक्षा, परगावचे शिक्षण, नोकरी. हौस त्याची आणि साखरपाणी आमच्या गळ्यात! (घरातील स्त्रीवर्गास मुंगळे स्वयंपाकघरात शिरतील ही धास्ती होती, तीही खोटी नव्हे.) उलट सोडून द्यावी तर पक्षी, सरडे, दुसऱ्या मुंग्या, बहुतेक राण्यांचा शेवट असाच होतो. अखेर अट घातली: जावईबुवांनी सांगितल्याप्रमाणे ओलसर कापूस घालून बरणी कोठीच्या खोलीत सात दिवस ठेवावयाची, आणि उघडून पाहावयाचे नाही. जमले तर राणी बाळूची.

तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन आमच्यापाशी आला. डोळे भरलेले. "काका, मी पाहिलं. काल सहा होती, आज चारच आहेत. मला राहवतच नाही."

रागे भरण्याचे आम्ही योजिले होते. ते शब्द तोंडातून निघेनात.

त्याच सायंकाळी परसातील कडुनिंबाखाली, मुंगळ्यांच्या जुन्या वारुळापासून दूर, ओल्या मातीत बरणी आडवी केली. उरलेली अंडी कापसासकट शेजारी ठेवली. राणीने ती हुंगलीही नाही. मुळाशी एक फट होती तीत ती शिरली आणि थोड्याच वेळात आतून मातीचे कण बाहेर येऊ लागले. बाळूने तेथे फुटके कौल उपडे घातले. मोलकरीण खरकटे पाणी नेहमी त्याच बाजूस टाकते. तिला दुसऱ्या दिवसापासून तुळशीवृंदावनापलीकडे जाण्याचा हुकूम मातोश्रींनी दिला. बाळू जाता येता कौलाकडे पाहतो, पण अद्याप ते त्याने उचललेले नाही.