बोलणी कोणाशी?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे २.५ लाख कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर मागे घेतला असं कधी जाहीरच झालं नाही. तो का फसला यावर भरपूर लिहिलं गेलंय, पण त्यात एक कायदा बहुतेक वेळा कोपऱ्यात राहतो. तो म्हणजे १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, गिरणगावाच्या बोलीत ‘बीआयआर’.

माझा मामा त्या संपात होता. पुढे लालबागची खोली सोडून तो वसईत, होळीला राहायला आला आणि वालीवच्या एका गाळ्यात कामाला लागला. संपाचा विषय निघाला की तो म्हणतो, “लोकांना वाटतं आम्ही मालकाशी भांडत होतो. अर्धं भांडण रजिस्टराशी होतं.”

मी इंजिनीअर, कायद्याशी माझा संबंध नाही. पण या वाक्याचा अर्थ लागावा म्हणून मी तो कायदा वाचला. एका भागातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक संघटना’. तिच्याकडे २५ टक्के कामगारांचं सभासदत्व असलं की पुरे. बोलणी तिनेच करायची आणि तिने केलेला करार सगळ्यांना लागू, सभासद नसलेल्यांनाही. मुंबईच्या गिरण्यांत ही जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगारांना कोण हवंय हे गुप्त मतदानाने नाही, सभासदांच्या नोंदींवरून ठरायचं. बोनसच्या करारावर चिडलेले कामगार १९८१ मध्ये डॉ. दत्ता सामंतांकडे गेले, पण ज्यांच्या मागे गिरणगाव उभं होतं त्यांच्याशी बोलायला मालक कायद्याने बांधलेलेच नव्हते. म्हणून पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा, हीसुद्धा संपाची मागणी होती.

एकच संघटना असावी या कल्पनेत तथ्य आहे. पाच संघटना पाच मागण्या घेऊन आल्या तर करार होणार कसा? माझा आक्षेप मोजणीला आहे.

महाराष्ट्राने १९७१ मध्ये संघटनांच्या मान्यतेचा वेगळा कायदा केला. त्यात सहा महिने टिकलेलं ३० टक्के सभासदत्व लागतं आणि संघटनेत गेल्याबद्दल नोकरीवरून काढण्याची धमकी देणं ही अनुचित प्रथा ठरते. पण मान्यतेचा भाग ५० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेलाच लागू. मामाच्या गाळ्यात जेमतेम वीस माणसं होती. गिरणीत असताना संघटना त्याच्या मनाची नव्हती. गाळ्यात मान्यतेचा प्रश्नच मिटला.

दोन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे आमच्या टीममधल्या नऊ जणांना एकेक करून व्हिडिओ कॉलवर बोलावलं गेलं. प्रत्येकाला सांगितलं, आज स्वतःहून राजीनामा दिलात तर अनुभवाचं पत्र नीट मिळेल. दुपारपर्यंत नऊ राजीनामे आले होते. कुणाला काय देऊ केलं ते दुसऱ्याला माहीत नव्हतं. सामुदायिक वाटाघाटी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी उलट बाजूने कळलं.

आम्ही ‘कामगार’ थोडेच, असं आमच्यातले बरेच जण म्हणतात. पण १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम होतंच. त्याच्या जागी आलेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या व्याख्येतही ते आहे. व्यवस्थापन करणारे वगळलेत, पण नुसतं पदनाम ‘मॅनेजर’ असल्याने कुणी व्यवस्थापक होत नाही. प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिलं जातं.

या संहितेत एकापेक्षा जास्त संघटना असतील तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली एकटी बोलणी करेल. तेवढा कुणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांची मिळून परिषद होईल. २५ वरून ५१ म्हणजे कागदावर लोकशाही वाढली. मात्र संपासाठी १४ दिवस आधी नोटीस सगळीकडेच सक्तीची झाली आणि निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच.

मामाला ५१चा आकडा सांगितला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “मोजणार कोण? आणि मोजताना मालक समोर उभा असणार का?”

नव्या कायद्याबद्दलच्या चर्चेत टक्के खूप ऐकू येतात, हे दोन प्रश्न फारसे नाहीत. मतपेटी बंद आणि मतदान गुप्त असेल, तरच ५१ला अर्थ आहे. नाहीतर पुन्हा रजिस्टरच.