आकाशाकडे पाठ

नोव्हेंबर 2022 मध्यें नागपुरास वायुसेनानगरांत हवाई दलाच्या कसरती झाल्या. नेरहून विद्यार्थ्यांची एक बस निघाली, तेव्हां मुलांची ने-आण सांभाळण्याचें काम आम्हीं आपण होऊन पत्करलें. त्यांत विमानें पाहण्याचा मोह नव्हता, असें म्हणणें असत्य होईल.

आमच्या वांट्यास 42 मुलें होतीं. उतरतांना मोजलीं, फाटकाशीं मोजलीं, बसवून पुन्हां मोजलीं. इतक्यांत ‘सारंग’ पथकाचीं हेलिकॉप्टरें आलीं. अंगावर मोर रंगविलेले! सारंग म्हणजे मोर. नांव कोणा जाणत्यानें ठेविलें असावें, या विचारांत आम्ही वर पाहात राहिलों. मान खालीं केली, तों 41. एक पोरगें पाणी शोधीत गेलें होतें. तें सांपडेपर्यंत आमच्या अंगांत प्राण नव्हता. सांपडल्यावर रागें भरण्यास तोंड कोठें होतें? जवळचें पाणी त्यास पाजलें, इतकेंच.

पुढें 6 ऑक्टोबर 2024 रोजीं चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर अशाच कसरती पाहावयास लाखों लोक लोटले. उन्हाच्या तापानें पांच जण दगावले, परततांना रेल्वेस्थानकें माणसांनीं कोंडलीं. तें वृत्त वाचतांच आम्हांस तें तहानलेलें पोर आठवलें. अशा ठिकाणीं माणसें येतात सवडीनें, निघतात मात्र सारीं एकाच क्षणीं.

नागपुरास त्या दिवशीं शेवटीं ‘सूर्यकिरण’ पथकाचीं विमानें आलीं. तेव्हां आम्ही आकाशाकडे पाठ करून मुलांकडे पाहात उभे होतों. फार सुंदर होतीं, असें मुलें सांगतात.