पौषातले लग्न

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. परगावी नोकरी, हाती मोजकी सहा दिवसांची रजा आणि तेवढ्यात लग्नाची सारी बोलणी, हा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याकडे गेलेल्या वऱ्हाडी ख्रिस्ती कुटुंबांवर तो आता वरचेवर येतो, म्हणून आमचा अनुभव वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कन्येचा विवाह मुंबईत केला असता तर सारे सोपे होते. परंतु आमच्या मातोश्री अमरावतीला, राजापेठेतील जुन्या घरी राहतात. वय शहाऐंशी, गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. रात्रभराचा आगगाडीचा प्रवास त्यांना झेपणारा नाही. नातीने एका वाक्यात निकाल दिला, "आजीला जिथे येता येईल तिथेच माझं लग्न." तेव्हा 2025 च्या सप्टेंबरात आम्ही उभयता व कन्या अमरावती एक्सप्रेसने निघालो.

पहिला दिवस ख्रिस्तसभेचा. अमरावतीचा धर्मप्रांत 1955 साली नागपूरपासून वेगळा झाला, आणि संत फ्रान्सिस झेवियर हे त्याचे कॅथेड्रल. कन्येचा स्नानसंस्कार तेथेच झालेला. धर्मगुरूंनी नियम समजावून सांगितला. वधू वा वर यांच्यापैकी एकाचे जेथे वास्तव्य असेल त्या धर्मग्रामात विवाह व्हावा. अन्यत्र करायचा तर आपल्या धर्मगुरूंची परवानगी आणावी. शिवाय दोघांच्या स्नानसंस्काराचे नवे दाखले, विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र आणि दोन्हीकडच्या मंदिरांत पुकार. हे पुकार आजचे नव्हेत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली लागोपाठ तीन सणवारी ते करण्याचा दंडक घातला, तो चोरून होणाऱ्या विवाहांना आळा बसावा म्हणून. चारचौघांत नाव घेतले गेले की शब्दाला साक्षीदार मिळतात.

तारीख मात्र पंचांगांच्या कचाट्यात सापडली. आगमनकाळ 30 नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत. पुढे 18 फेब्रुवारी 2026 रोजी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळ सुरू. पुनरुत्थानाचा सण 5 एप्रिलला. त्यानंतरचे वऱ्हाडातील ऊन मातोश्रींना सोसणारे नव्हे. उरले ते नाताळ आणि उपवासकाळ यांमधले दिवस. त्यातला 10 जानेवारीचा शनिवार आम्ही निवडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बिछायत केंद्रात गेलो. मालकांनी भिंतीवरचे कॅलेंडर उलटले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "दहा जानेवारी? भाऊ, हा त पौस हाये."

पौषात हिंदू घरांतून लग्नकार्ये टाळतात. त्यांना आमचा महिना अवघड वाटला. आम्हाला त्यांचा आठवडा अडचणीचा ठरला. कारण पितृपंधरवडा चालू होता. नवे काम धरणे आणि बयाणा घेणे ही त्यांच्या लेखी वर्ज्य गोष्ट. आम्ही तर घटस्थापनेपूर्वीच मुंबईस परतणार. थोडा वेळ ते पेन्सिल फिरवीत बसले. मग जाड वहीत आमचे नाव, तारीख व मोबाइल नंबर लिहून म्हणाले, "नाव लिवून ठेवलं. पैसे घट बसल्यावर पाठवा. तवरिक तुमचा सबद तुमच्याजवळ, माहा सबद माह्याजवळ."

पावती नाही, सही नाही. मुंबईच्या सवयीने आम्हाला हे धाडसाचे वाटले. त्याच दिवशी एका मोठ्या सभागृहात याच्या उलट अनुभव आला होता. तेथे सर्व रक्कम आगाऊ, स्वयंपाकी त्यांचाच आणि तारीख फिरली तर एक पैसा परत नाही, अशा अटींचा तीन पानी कागद पुढे आला. कागद चोख होता. मात्र मातोश्री तेथील पंधरा पायऱ्या कशा चढतील, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

अखेर घराजवळचे, तळमजल्यावरचे साधे कार्यालय पसंत केले. पौष असल्याने ते मोकळेच होते आणि भाड्यातही सूट मिळाली. तेथेही दाराशी दोन पायऱ्या निघाल्या. बिछायतवाले स्वतः येऊन पाहून गेले आणि "फळ्यांचा उतार करून देतो, वरून चटई टाकतो" म्हणाले. त्याचे पैसे त्यांनी हिशेबात धरले नाहीत.

आचारी हा वेगळाच अभ्यासू गृहस्थ. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाहुणे किती याचा नव्हे, तर शेजारी किती याचा. राजापेठेतल्या आमच्या आळीत मातोश्रींच्या आजारपणात डबा पोहोचविणारी घरे बहुतेक शाकाहारी. त्यांच्यासाठी वेगळी चूल, वेगळी भांडी, वेगळे वाढपी हे त्यांनी आमच्याआधीच योजून टाकले. मटण एकीकडे, दुसरीकडे वरण, पोळी, वांग्याची भाजी आणि बुंदी. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस कसा झाला हे भोजनाच्या कारभाऱ्याला ठाऊक नव्हते. ते पाणी भरणाऱ्या चाकरांना ठाऊक होते, असे संत योहान लिहितो. लग्नघरच्या चुलीपाशी बसल्याशिवाय या ओळीचा अर्थ उमगत नाही.

उरलेले दिवस पत्रिका, फुले, वाजंत्री यांत गेले. परतीच्या गाडीत कन्या म्हणाली, "बाबा, सगळं ठरलं, पण हातात कागद एकच आहे, चर्चचा." ते खरे होते. आम्ही तिला सांगितले की चर्चच्या त्या कागदाचाही आधार शब्दच आहे. विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरे कोणीही त्यांच्या वतीने देऊ शकत नाही, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. धर्मगुरू आणि दोन साक्षीदार ती ऐकतात. बाकी सारा मांडव त्या दोन वाक्यांसाठी.

घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बयाणा पाठविला. "मिळाले" एवढेच उत्तर आले. पुढे साडेतीन महिने धाकधूक होती, हे लपविण्यात अर्थ नाही. बिछायतवाल्यांचा त्या काळात एकही फोन आला नाही. 10 जानेवारीच्या पहाटे, गार वाऱ्यात, आम्ही कार्यालयात पोहोचलो तेव्हा खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि दाराशी फळ्यांचा उतार तयार होता. मिस्सा आटोपून आलेल्या मातोश्री नातीचा हात धरून, कोणाच्याही खांद्याचा आधार न घेता, त्यावरून आत गेल्या. शेजारच्या काकू पौषाची शंका बाजूला ठेवून सहकुटुंब पंगतीला आल्या.

विवाह झाला की त्याची नोंद विवाहाच्या पुस्तकात होते, तशीच स्नानसंस्काराच्या पुस्तकातही करावी लागते. आमच्या कन्येच्या बाबतीत ही दोन्ही पुस्तके एकाच कपाटात होती. धर्मगुरूंनी जुने पान काढले. आईवडिलांची नावे, धर्ममातेच्या जागी मातोश्रींचे नाव, आणि शेजारी अनेक वर्षे कोरा राहिलेला समास. त्यात त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात नवी तारीख लिहिली. मातोश्रींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.